छोट्या धंद्यासाठी वेबसाईट करून घ्यायचीय? वेब डिझायनर कसा निवडायचा, काय विचारायचं आणि लेखी काय घ्यायचं

वेबसाईट करायची ठरली की बहुतेक जण सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारतात, किती घेणार? चार-पाच जणांना फोन होतात, प्रत्येकाचा आकडा वेगळा, त्यात कित्येक पटींचा फरक, आणि मग वाटतं की एक तर हा लुटतोय नाहीतर तो काहीतरी भिकार देणार. खरं तर प्रत्येकाने आपापल्या मनातली वेगळीच साईट धरून आकडा सांगितलेला असतो, कारण तुम्हाला काय हवंय हे तुम्ही सांगितलेलंच नसतं. मी या कामात बरीच वर्षं आहे. साईट्स बनवतो, आणि दुसऱ्या कोणी अर्धवट सोडलेल्या साईट्स निस्तरायलाही लोक येतात. त्या बिघडलेल्या प्रकरणांत डिझाईन वाईट होतं असं क्वचितच दिसतं. साईटने नेमकं काय काम करायचं हे कोणी ठरवलेलं नसतं, नाहीतर साईटचे लॉगिन भलत्याच माणसाच्या नावावर असतात. म्हणून या दोन गोष्टींवर मी जास्त बोलणार आहे, रंग आणि फॉन्टवर कमी.

पायरी १: साईटने काय करायचं ते आधी कागदावर लिहा

डिझायनरला फोन करायच्या आधी एक संध्याकाळ काढा आणि एका कागदावर लिहा की साईट बघितल्यावर माणसाने पुढे काय करावं असं तुम्हाला वाटतं. फोन करावा? अपॉइंटमेंट घ्यावी? दुकानात यावं? वस्तू तिथल्या तिथे विकत घ्यावी? का फक्त तुमचं काम बघून विश्वास बसावा, कारण गिऱ्हाईक ओळखीतूनच येतं आणि येण्याआधी एकदा नाव सर्च करून बघतं? यातलं एक मुख्य निवडा. सगळंच हवं असं लिहिलंत तर डिझायनर सगळंच थोडं थोडं टाकेल आणि पहिल्या स्क्रीनवर पाच बटणं येतील, ज्यातलं एकही कोणी दाबणार नाही.

मग त्याखाली पानांची यादी करा. साध्या सेवा देणाऱ्या धंद्याला मुखपृष्ठ, सेवा, केलेली कामं, आमच्याबद्दल आणि संपर्क एवढी पाच पानं पुष्कळ होतात. प्रत्येक पानावर काय मजकूर लागेल, फोटो तुमच्याकडे आहेत का काढावे लागतील, मजकूर कोण लिहिणार, साईट एका भाषेत की दोन भाषांत, हेही तिथेच लिहून टाका. दोन-तीन साईट्स ज्या तुम्हाला आवडल्या त्यांचे पत्ते द्या, आणि आवडल्या का तेही लिहा, कारण नुसतं "अशीच पाहिजे" म्हटलं तर समोरच्याला कळत नाही की तुम्हाला तिथला रंग आवडला का मांडणी आवडली का फोटोच मुळात चांगले होते. (बऱ्याचदा फोटोच असतात.)

ऑनलाईन विक्री करायची असेल तर ते काम पाच पानांच्या साईटपेक्षा खूप मोठं आहे हे आधीच धरून चला. पेमेंट गेटवे (ऑनलाईन पैसे घ्यायची सोय), स्टॉक, डिलिव्हरीचा खर्च, परत आलेला माल, बिलं, हे सगळं रोज कोणीतरी सांभाळावं लागतं, आणि तो कोणीतरी डिझायनर नसतो, तुम्ही असता.

आणि एक मनापासून सांगतो, काही धंद्यांना सुरुवातीला एका पानाची साईट आणि नीट भरलेलं गूगल बिझनेस प्रोफाईल एवढंच पुरतं. ते प्रोफाईल फुकट असतं, मॅपवर दिसतं, वेळा, फोटो, फोन नंबर सगळं त्यात येतं. ते स्वतःच्या गूगल अकाउंटवरून स्वतः करा. ते भरल्यावरही काही कमी पडतंय असं वाटलं तर मोठ्या साईटकडे वळा.

पायरी २: डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवरून, स्वतःच्या कार्डने

ही पायरी डिझायनर शोधायच्या आधी ठेवलीय ती मुद्दाम. डोमेन म्हणजे तुमच्या साईटचा पत्ता, आणि होस्टिंग म्हणजे साईटच्या फाईल्स जिथे ठेवल्या जातात ती जागा. होस्टिंग बदलता येतं, डिझाईन परत करता येतं, मजकूर परत लिहिता येतो, पण डोमेन हातचं गेलं तर बोर्डावर, बिलांवर, व्हिजिटिंग कार्डावर छापलेला पत्ता गेला, त्याच डोमेनवरचा ईमेल गेला, आणि इतकी वर्षं गूगलमध्ये जमलेली ओळखही गेली.

होतं काय की डिझायनर म्हणतो डोमेन मी घेतो, पॅकेजमध्येच आहे, तुम्ही टेन्शन घेऊ नका. त्याचा हेतू वाईट असतोच असं नाही, बरेच जण खरंच मदत म्हणून करतात. पण रजिस्ट्रारकडे म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडे जे अकाउंट असतं ते त्याच्या ईमेलवर, मालकाच्या जागी त्याचं नाव, रिन्यूअलची आठवण त्यालाच येते. तीन वर्षांनी त्याने धंदा बदलला, नंबर बदलला, किंवा तुमच्यात वाजलं, की तुम्ही लटकलात. तुमच्याच दुकानाचं नाव असलेलं डोमेन तुमचं आहे हे सिद्ध करत बसायला लागतं आणि रजिस्ट्रार साहजिकच ज्याच्या नावावर आहे त्याचंच ऐकतो.

म्हणून एखाद्या नावाजलेल्या रजिस्ट्रारकडे स्वतः अकाउंट उघडा. ईमेल असा द्या जो त्याच डोमेनवरचा नाही, कारण डोमेन बंद पडलं तर तो ईमेलही बंद पडेल आणि पासवर्ड रीसेटची लिंक तुम्हाला मिळणारच नाही. रजिस्ट्रंट म्हणजे नोंदणीधारक म्हणून स्वतःचं किंवा फर्मचं नाव टाका, ऑटो-रिन्यू चालू ठेवा, टू-फॅक्टर लॉगिन (पासवर्डबरोबर फोनवरचा कोडही मागणारं) चालू करा. .कॉम सारखं डोमेन एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतं, नावाबद्दल खात्री असेल तर दोन-चार वर्षांचं एकदम घेऊन टाका. पहिल्या वर्षाचा दर स्वस्त दाखवतात आणि रिन्यूअलचा दर बराच जास्त असतो, तो घ्यायच्या आधीच बघा. वर जोडून विकल्या जाणाऱ्या दहा गोष्टी असतात त्यातल्या बहुतेक लागत नाहीत. एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीचं एचटीटीपीएस, लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं आणि बहुतेक चांगले होस्ट ते आपोआप बसवून देतात. ते हवंच, कारण जुलै २०१८ पासून क्रोम एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक साईटवर ती सुरक्षित नाही अशी सूचना दाखवतो आणि गिऱ्हाईक तिथूनच मागे फिरतं.

ज्यांचं डोमेन आधीच दुसऱ्याच्या अकाउंटमध्ये अडकलंय त्यांनी आज, संबंध चांगले असतानाच, ते आपल्याकडे हलवून घ्या. आयकॅन ही संस्था जे नियम घालते त्यानुसार .कॉम, .नेट, .ऑर्ग सारख्या डोमेनचा ट्रान्सफर कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला लागणारा कोड, नोंदणीधारकाने मागितल्यावर रजिस्ट्रारला ५ दिवसांच्या आत द्यावा लागतो. नवीन घेतलेलं डोमेन मात्र पहिले ६० दिवस सहसा हलवता येत नाही. आणि रिन्यू करायचं राहून गेलं तरी लगेच सगळं संपत नाही, अशा डोमेनला रद्द झाल्यावर ३० दिवसांची रिडेम्प्शन मुदत असते ज्यात जास्तीचे पैसे भरून ते परत मिळवता येतं. देशांच्या नावांच्या डोमेनचे, म्हणजे शेवटी देशाची दोन अक्षरं असतात त्यांचे, नियम वेगळे असतात, ते त्या त्या नोंदणी संस्थेच्या साईटवर बघा.

डिझायनरला डोमेनच्या सेटिंग्जमध्ये काम करायचं असतं तेव्हा बरेच रजिस्ट्रार दुसऱ्या माणसाला मर्यादित अ‍ॅक्सेस देण्याची सोय देतात. ती वापरा. नसेल तर तो सांगेल ते बदल तुम्ही स्वतः करा, स्क्रीन शेअर करून दहा मिनिटांचं काम असतं.

पायरी ३: कोणत्या प्रकारचा माणूस हवाय ते ठरवा

वेब डिझायनर हा एकच शब्द आपण चार वेगळ्या कामांना वापरतो. साईट दिसेल कशी ते ठरवणारा डिझायनर, ती प्रत्यक्ष कोडमध्ये किंवा वर्डप्रेसमध्ये (साईट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) उभी करणारा डेव्हलपर, मजकूर लिहिणारा, आणि सर्चमध्ये सापडावी म्हणून काम करणारा एसईओवाला. छोट्या कामात पहिली दोन कामं एकच माणूस करतो आणि ते ठीक आहे. चारही मीच उत्तम करतो असं कोणी म्हणालं तर प्रत्येक कामाचा एकेक नमुना मागा.

फ्रीलान्सर घ्यायचा का एजन्सी? पाच-सात पानांच्या साईटला चांगला फ्रीलान्सर पुरतो आणि तुम्ही थेट करणाऱ्याशीच बोलता हा मोठा फायदा. एजन्सीत एक माणूस आजारी पडला तरी काम थांबत नाही, पण छोट्या कामाला तिथे बऱ्याचदा शेवटचा नंबर लागतो. माझं मत, पहिली साईट असेल आणि विक्री ऑनलाईन नसेल तर फ्रीलान्सर.

विक्स, स्क्वेअरस्पेस, शॉपिफाय असल्या साईट बिल्डरवर (कोड न लिहिता साईट बनवता येते अशा सेवा) स्वतःही साईट करता येते, आणि बरेच डिझायनरही आता त्यावरच करून देतात. त्यात काही गैर नाही, अपडेट आणि सुरक्षेची कटकट ती कंपनी बघते. फक्त हे माहीत असू द्या की विक्सवर बनवलेली साईट उचलून दुसऱ्या होस्टवर नेता येत नाही, बाहेर पडायचं तर नव्याने बांधावी लागते. वर्डप्रेस ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला आहे, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साईट्स त्यावर चालतात, त्यामुळे उद्या हा डिझायनर नसला तरी ती हाताळणारा दुसरा माणूस सहज मिळतो. मात्र त्याला नियमित अपडेट लागतात. तिसरा प्रकार म्हणजे एखाद्याने स्वतःच बनवलेली सिस्टीम, "आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे" वाली. छोट्या धंद्याने त्यापासून लांब राहावं असंच मी सांगेन, कारण तो माणूस गेला की ती साईट दुसरं कोणी हातात घेत नाही.

पायरी ४: जुनी कामं बघा, पण मोबाईलवर बघा

शोधायचं कुठे यावर फार डोकं खाजवू नका. तुमच्यासारख्याच आकाराच्या धंद्यांच्या साईट्स बघा, आवडली तर मालकाला विचारा कोणी केली, बऱ्याच साईट्सच्या तळाशी बनवणाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. असे तीन-चार जण निवडा, जास्त नको.

पोर्टफोलिओत दाखवलेले सुंदर स्क्रीनशॉट बाजूला ठेवा आणि चालू असलेल्या साईट्सच्या लिंक मागा. त्या फोनवर उघडा, वायफाय बंद करून मोबाईल डेटावर. फोन नंबरवर बोट ठेवलं की कॉल लागतो का, मेनू नीट उघडतो का, अक्षरं वाचायला डोळे बारीक करायला लागतात का. गूगल आता साईटची मोबाईलवरची आवृत्तीच मुख्य धरून इंडेक्सिंग, म्हणजे सर्चसाठी साईटची नोंद, करतो, तेव्हा फोनवर वाईट असलेली साईट सर्चमध्येही मार खाते. मग तीच लिंक गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये टाका, फुकट आहे, कोणीही वापरू शकतं. तिथे एलसीपी नावाचा आकडा दिसेल, म्हणजे पानावरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागलेला वेळ. तो २.५ सेकंदांच्या आत असेल तर गूगल त्याला चांगलं म्हणतो, ४ सेकंदांच्या वर गेला तर वाईट. एखाद्या साईटचा आकडा खराब आला म्हणून लगेच नाव कापू नका, साईट दिल्यानंतर मालकाने वजनदार फोटो चढवलेले असू शकतात. पण सगळ्याच साईट्स रांगत असतील तर ती त्या डिझायनरची सवय आहे.

साईट दोन वर्षांपूर्वीची असेल तर उत्तम, कारण नवीन साईट सगळ्यांचीच छान दिसते. आता ती कशी आहे? लिंक तुटल्यात का, बातम्या विभागात शेवटची नोंद उद्घाटनाच्या दिवसाची आहे का? पोर्टफोलिओतल्या निम्म्या साईट्स उघडतच नसतील तर कारण विचारा, कधीकधी धंदाच बंद झालेला असतो, पण कधीकधी नंतर सांभाळायला कोणी नव्हतं असं निघतं.

आणि जुन्या गिऱ्हाईकांना फोन करा. दोघांना तरी. ही गोष्ट जवळपास कोणीच करत नाही आणि सगळ्यात जास्त माहिती इथेच मिळते. "चांगला आहे का" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. विचारा की ठरलेल्या वेळेपेक्षा किती उशीर झाला, ठरल्यापेक्षा जास्त पैसे लागले का आणि कशाचे, साईट चालू झाल्यावर काही बिघडलं तेव्हा किती दिवसांनी फोन उचलला, आणि आज एखाद्या पानावरचा फोन नंबर बदलायचा असेल तर तुम्ही स्वतः बदलू शकता का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असं आलं तर त्यावर नीट विचार करा.

पायरी ५: पहिल्या बोलण्यात तो काय विचारतो ते ऐका

चांगला डिझायनर पहिल्या कॉलमध्ये तुमच्या धंद्याबद्दल विचारतो. गिऱ्हाईक कोण, ते येतं कुठून, सगळ्यात जास्त पैसा कोणत्या सेवेतून येतो, आत्ता लोक फोनवर काय काय विचारतात. तुमचा कागद वाचून "हे पान कशाला हवंय?" असं विचारणारा भेटला तर त्याला धरून ठेवा, तो काम कमी करून तुमचे पैसे वाचवतोय. याउलट सुरुवातीलाच थीम, म्हणजे डिझाईनचे तयार साचे, दाखवायला लागला, यातली कुठली आवडते ते सांगा, तर तो तुमचं नाव आणि लोगो तयार साच्यात घालून देणार. कमी बजेटमध्ये तेही चालतं, फक्त मग पैसे त्या हिशोबाने द्या.

गूगलवर पहिल्या नंबरची गॅरंटी कोणी दिली तर तिथेच नमस्कार करा. गूगलने स्वतः स्पष्ट लिहून ठेवलंय की पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही. तसंच "आजच अ‍ॅडव्हान्स भरला तर निम्म्या किमतीत" वाले. आणि डोमेन माझ्या नावावर राहू द्या म्हटल्यावर जो चिडतो तो.

तुम्ही काय विचाराल? माझ्या मते एवढं पुरे: प्रत्यक्ष काम तुम्ही स्वतः करणार का दुसऱ्याला देणार, साईट कशावर बनणार आणि का, चालू झाल्यावर दर वर्षी मला कशाकशाचे पैसे भरावे लागतील, आणि उद्या मला दुसऱ्याकडे जायचं असेल तर मला नेमकं काय मिळेल. चौथ्या प्रश्नाला जो न अडखळता, नाराज न होता उत्तर देतो त्याच्याबरोबर काम करायला बरं पडतं.

पायरी ६: कोटेशन शेजारी शेजारी ठेवून वाचा

तुमचा तोच कागद सगळ्यांना पाठवा आणि लेखी कोटेशन मागा. आता आकड्यांची तुलना होऊ शकते, कारण सगळे एकाच कामाबद्दल बोलतायत. तरीही आकडा शेवटी बघा. आधी बघा की मजकूर लिहिणं धरलंय का, फोटोंचं काय, पानं किती, बदल किती वेळा करून मिळतील, फोनवर आणि मोठ्या स्क्रीनवर दोन्हीकडे तपासणार का, वापरायला शिकवणार का, चालू झाल्यावर किती दिवस दुरुस्त्या फुकट. स्वस्त कोटेशनमध्ये यातलं निम्मं गायब असतं आणि नंतर एकेक करून बिलात येतं.

वार्षिक खर्च वेगळा मांडून घ्या: डोमेन, होस्टिंग, ईमेल, विकतच्या थीम आणि प्लगिनची (साईटला जोडायच्या जास्तीच्या सोयींची) लायसन्स, देखभाल. विकतचे प्लगिन बऱ्याचदा डिझायनरच्या एकाच लायसन्सवर सगळ्या गिऱ्हाईकांना बसवलेले असतात, त्याने ते रिन्यू केलं नाही की तुमच्या साईटला अपडेट येणं थांबतं आणि जुनं प्लगिन म्हणजे हॅकरला उघडा दरवाजा. कोणतं लायसन्स कोणाच्या नावावर हे विचारून ठेवा.

पायरी ७: लेखी करार, दोन पानांचा का होईना

ओळखीतला असला तरी लेखी. ओळखीतला असेल तर जास्तच लेखी, कारण पैशावरून वाजलं तर ओळखही जाते. वकिली भाषा लागत नाही, साध्या वाक्यांत लिहिलेलं आणि दोघांनी मान्य केलेलं पुरतं.

कामाची व्याप्ती लिहा, म्हणजे पानांची नावं आणि प्रत्येकावर काय. बदलांच्या फेऱ्या किती, समजा डिझाईनला दोन आणि तयार साईटला एक, त्यापुढे तासाचा काय दर. तारखा दोन्ही बाजूंच्या लिहा. तो डिझाईन कधी दाखवणार हे जसं लिहायचं तसं तुम्ही मजकूर आणि फोटो कधी देणार हेही लिहायचं, कारण खरं सांगायचं तर बऱ्याच साईट्स मालकाने मजकूर न दिल्यामुळे रखडतात. पैसे हप्त्यांत ठेवा आणि हप्ता कामाला बांधा, नुसत्या तारखेला नको. सुरुवातीला एक भाग, डिझाईन मंजूर झाल्यावर एक भाग, आणि शेवटचा भाग साईट चालू होऊन सगळे लॉगिन तुमच्या हातात आल्यावर. सगळे पैसे आधी मागणाऱ्याला नाही म्हणा. पण सगळे पैसे शेवटी देतो असंही म्हणू नका, समोरच्याचंही घर चालायचं असतं आणि चांगला माणूस त्या बोलीवर येणारच नाही.

मालकीचं कलम मात्र अजिबात सोडू नका. बऱ्याच देशांत बाहेरच्या माणसाने करून दिलेल्या कामाचा कॉपीराईट, लेखी काही ठरलेलं नसेल तर, करणाऱ्याकडेच राहतो, तुम्ही पैसे भरले म्हणून तो आपोआप तुमचा होत नाही. म्हणून लिहून घ्या की पूर्ण पैसे दिल्यानंतर डिझाईन, मजकूर, ग्राफिक्स आणि या साईटसाठी खास लिहिलेला कोड यांचे हक्क तुमच्याकडे येतील. लोगो केला असेल तर त्याची मूळ फाईल, एसव्हीजी किंवा एआय (अडोबी इलस्ट्रेटरची फाईल) स्वरूपात, नुसता जेपीजी नको, बोर्ड छापायला गेलात की कळेल का ते. फोटो कुठून आणले ते लिहून घ्या. गूगल इमेजेसमधून उचललेला फोटो साईटवर सापडला तर नोटीस साईटच्या मालकाला येते, म्हणजे तुम्हाला.

मध्येच काम थांबवायची वेळ आली तर काय, तेही एका वाक्यात लिहा: तोपर्यंत झालेल्या कामाचे पैसे द्यायचे आणि झालेलं काम घ्यायचं.

पायरी ८: काम चालू असताना

तुमच्या बाजूने एकच माणूस बोलेल असं ठरवा. तुम्ही एक सांगता, पार्टनर दुसरं सांगतो, घरच्या कोणाला निळा रंग आवडत नाही, आणि बदलांच्या फेऱ्या तिथेच संपतात. सगळ्यांची मतं आधी घरात गोळा करा, भांडायचं ते आपसात भांडा, आणि मग एक यादी पाठवा. प्रतिक्रिया देताना "जरा उठावदार करा" म्हणण्यापेक्षा अडचण सांगा, की फोन नंबर शोधायला खाली जावं लागतंय, किंवा या पानावर आमची मुख्य सेवा कोणती तेच कळत नाहीये. उपाय त्याला सुचवू द्या, त्यासाठीच पैसे देताय.

फिक्या राखाडी रंगातली बारीक अक्षरं सध्या फार दिसतात, त्याला स्पष्ट नाही म्हणा. डब्ल्यूसीएजी नावाचे सर्वांना वापरता येतील अशा साईट्सचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत, त्यात साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा फरक किमान ४.५:१ असावा असं सांगितलंय, तपासायची फुकट टूल्स आहेत. मजकूर मराठीत असेल तर युनिकोड फॉन्टच वापरला जातोय ना आणि जोडाक्षरं तुटत नाहीयेत ना हे दोन-तीन वेगवेगळ्या फोनवर बघा.

पायरी ९: चालू करायच्या दिवशी

साईट लाईव्ह करण्याआधी स्वतः बसून तपासा, डिझायनरवर सोडू नका. संपर्काचा फॉर्म भरा आणि मेल खरंच तुमच्यापर्यंत येतो का बघा, स्पॅममध्येही बघा. फॉर्म भरला जातोय पण मेल कुठेतरी गडप होतोय आणि मालकाला वाटतं साईटवरून कोणी विचारतच नाही, असं मी इतक्या ठिकाणी बघितलंय की कुठलीही साईट हातात घेतली की पहिली तपासणी तीच करतो. पत्ता, वेळा, फोन नंबर मोठ्याने वाचा.

वर्डप्रेस असेल तर सेटिंग्जमध्ये रीडिंगच्या पानावर सर्च इंजिनांना दूर ठेवण्याचा एक चौकोन असतो, काम चालू असताना तो टिक केलेला असतो आणि चालू करताना काढायचा राहून जातो. मग साईट महिनोनमहिने गूगलमध्ये येतच नाही. हा चौकोन स्वतः बघा. जुनी साईट असेल तर जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे वळवायला लागतात, त्याला ३०१ रीडायरेक्ट म्हणतात, ते केलंय का विचारा. आणि डोमेनवर आधीपासून ईमेल चालू असेल तर सेटिंग्ज बदलण्याआधी सगळ्या डीएनएस नोंदींचा (डोमेनवरची साईट आणि मेल कुठल्या सर्व्हरकडे जातात ते सांगणाऱ्या), त्यातल्या मेलच्या एमएक्स रेकॉर्डसकट, स्क्रीनशॉट काढून ठेवा, नाहीतर साईट चालू होते आणि मेल बंद पडतात.

पायरी १०: ताबा

शेवटचा हप्ता देण्याआधी पुढच्या गोष्टी तुमच्या हातात हव्यात: रजिस्ट्रार आणि होस्टिंगचे लॉगिन तुमच्या ईमेलवर, वर्डप्रेसमध्ये अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दर्जाचं खातं (एडिटर दर्जाचं नव्हे, त्याला प्लगिन आणि थीमला हात लावता येत नाही), गूगल सर्च कन्सोल आणि अ‍ॅनालिटिक्समध्ये मालक किंवा अ‍ॅडमिन म्हणून तुम्ही (साईट सर्चमध्ये कशी दिसते आणि तिच्यावर किती लोक येतात ते दाखवणारी ही गूगलची टूल्स), पूर्ण साईटचा एक बॅकअप तुमच्या स्वतःच्या ड्राइव्हवर, आणि साधे बदल कसे करायचे याचं स्क्रीन रेकॉर्डिंग. लॉगिन नुसते कागदावर घेऊन थांबू नका, प्रत्येकात एकदा शिरून बघा.

देखभाल त्याच्याकडेच द्यायची असेल तर महिन्याच्या पैशात नेमकं काय येतं ते ठरवा: अपडेट किती दिवसांनी, बॅकअप कुठे ठेवणार, साईट बंद पडली तर किती तासांत बघणार, छोटे बदल किती. बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवलेला असेल तर तो असून नसल्यासारखा, सर्व्हरच गेला तर दोन्ही जातात, म्हणून एक प्रत वेगळ्या ठिकाणी हवी. आणि वर्षातून एकदा तरी त्याला तो बॅकअप वापरून साईट परत उभी करून दाखवायला सांगा.

पुढे कधी डिझायनर बदलायची वेळ आली तर आधी ताजा बॅकअप उतरवून घ्या, मग नव्या माणसासाठी वेगळं अ‍ॅडमिन खातं उघडा, त्याने सगळं बघून ठीक आहे म्हटल्यावर जुन्याचा अ‍ॅक्सेस काढा आणि होस्टिंग, डेटाबेस, ईमेल यांचे पासवर्ड बदला. जुन्याचे राहिलेले पैसे असतील तर ते त्याआधीच चुकते करा.